ओहोटीला उतरणारं विमान

१९३० च्या ऑगस्टअखेरीस सेंट किल्डा बेट रिकामं झालं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीझ बेटांची रांग आहे. त्या रांगेच्याही पलीकडे, भर अटलांटिकमध्ये साठ-पासष्ट किलोमीटरवर हे बेट. तिथली माणसं समुद्रपक्षी, मेंढ्या आणि थोडंफार धान्य यांवर पिढ्यानपिढ्या गुजराण करत होती. हिवाळ्यात महिनोन्महिने बोट येत नसे. मग लोक लाकडाचा ठोकळा होडीसारखा कोरत, त्यात पत्र ठेवत, मेंढीचं फुगवलेलं मूत्राशय त्याला तरंगतं राहण्यासाठी बांधत आणि वारा पाहून ते सगळं समुद्रात सोडून देत. पत्र कधी स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागे, तर कधी थेट नॉर्वेच्या. त्या वर्षी मे महिन्यात बेटकऱ्यांनीच सरकारकडे अर्ज केला की आम्हाला इथून हलवा. उरलेली ३६ माणसं २९ ऑगस्टला नौदलाच्या ‘हेअरबेल’ जहाजावर चढली. निघताना त्यांनी घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी ओटची छोटी रास ठेवली, असं सांगतात.

बेट ओस पडायला कारणं अनेक होती. तरुण आधीच बाहेर गेले होते, शेती पुरत नव्हती, होड्या वल्हवायला हात उरले नव्हते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बेटावरची एक आजारी तरुणी दगावली, ते दुःखही सगळ्यांच्या मनात ताजं होतं. सेंट किल्डाची गोष्ट टोकाची खरी, पण एकटीची नव्हती. स्कॉटलंडला सातशेच्या वर बेटं आहेत आणि त्यांतल्या शंभरेकांवर वस्ती. पोटात अचानक कळ उठली, बाळंतपण अडलं किंवा हाड मोडलं, तर पुढे काय होणार हे त्या दिवशीचा समुद्र ठरवायचा.

सरकारने याकडे पाठ फिरवली होती असं मात्र म्हणता येणार नाही. १९१२ मध्ये सर जॉन ड्यूअर यांच्या समितीने या भागातल्या वैद्यकीय सोयींची पाहणी केली आणि परिस्थिती किती भीषण आहे ते स्पष्ट शब्दांत मांडलं. त्यातून १९१३ मध्ये ‘हायलंड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस’ उभी राहिली. त्यासाठी वर्षाला ४२,००० पौंडांचं सरकारी अनुदान ठरलं. रोगी कितीही लांब राहत असो, त्याला डॉक्टरची फी परवडली पाहिजे, हे या योजनेचं सूत्र होतं. ब्रिटनची प्रसिद्ध राष्ट्रीय आरोग्य सेवा यानंतर ३५ वर्षांनी आली. योजनेमुळे बेटांवर डॉक्टर गेले, परिचारिका गेल्या. पण शस्त्रक्रिया करायची तर ग्लासगोसारखं शहरच गाठावं लागे, आणि त्यासाठी बोट, मग मोटार किंवा आगगाडी, मग पुन्हा बोट. डॉक्टर रोग्याच्या दारात आला होता. रोग्याला इस्पितळाच्या दारात न्यायचं अजून कुणाला जमलं नव्हतं.

ती वाट शोधणारी माणसं सरकारी खात्यांतली नव्हती.

कॅप्टन अर्नेस्ट एडमंड फ्रेसन हे पहिल्या महायुद्धातले वैमानिक. युद्धाआधी आणि युद्धानंतरही काही काळ ते चीनमध्ये होते. १९२० च्या दशकाच्या शेवटी ते ब्रिटनमध्ये परतले, तेव्हा त्यांच्यासारख्या बहुतेक वैमानिकांचं पोट एकाच धंद्यावर चालत होतं. जुनं विमान घ्यायचं, गावोगावच्या माळावर उतरायचं आणि हौशी लोकांना चार पैशांत आकाशातून एक चक्कर मारून आणायची. याच भटकंतीत १९३१ मध्ये फ्रेसन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आणि तिथून ऑर्कनी बेटांवर गेले. ऑर्कनी आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. रुंदीला फारशी नाही, पण अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांचे भरती-ओहोटीचे लोंढे तिथे एकमेकांवर आदळतात, आणि जुन्याजाणत्या खलाशांनाही ती जड जाते. इन्व्हर्नेसहून निघालेला माणूस आधी अडीचशे किलोमीटर रडतखडत जाणाऱ्या आगगाडीत बसायचा, मग बोटीत बसून ही सामुद्रधुनी ओलांडायचा. फ्रेसन यांनी ती विमानातून काही मिनिटांत ओलांडली. इन्व्हर्नेस ते ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल हे सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटर. इथे रोजचं विमान चालू शकतं, ही गोष्ट त्यांच्या मनाने तेव्हाच घेतली.

मनाने घेतलेली गोष्ट प्रत्यक्षात आणायला दोन वर्षं लागली. लंडनमधल्या भांडवलदारांना ज्या नकाशाच्या टोकाबद्दल काहीच वाटत नव्हतं, तिथे पैसे गुंतवायला स्थानिक लोकच पुढे आले. इन्व्हर्नेसमधल्या ‘मॅक्रे अँड डिक’ या मोटार-व्यावसायिकांनी पाठिंबा दिला. ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्राने आपले अंक विमानाने पाठवायचं कबूल केलं. प्रवासी येवोत न येवोत, वर्तमानपत्राचा गठ्ठा रोज असणारच, त्यामुळे ठरलेल्या उत्पन्नाचा एक आधार मिळाला. इन्व्हर्नेसच्या नगरपालिकेने लाँगमन इथली जागा विमानांसाठी दिली. एप्रिल १९३३ मध्ये ‘हायलंड एअरवेज’ची नोंदणी झाली आणि ८ मे १९३३ रोजी फ्रेसन यांनी स्वतः पहिलं नियमित विमान इन्व्हर्नेसहून विकमार्गे कर्कवॉलला नेलं. विमान मोनोस्पार जातीचं, दोन इंजिनांचं. वैमानिक सोडला तर त्यात जेमतेम तीन माणसं बसायची. कर्कवॉलला विमानतळ म्हणजे वाइडफर्ड नावाच्या शेतावरचं कुरण.

फ्रेसन यांच्या या पहिल्या उड्डाणाच्या सातच महिने आधी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले होते. त्यांचं पस मॉथ विमान असंच छोटं, आणि जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची दलदलीची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून टाटांना मुक्काम पुण्याला हलवावा लागे. जगाच्या दोन टोकांना, जवळपास एकाच वेळी, हवाई वाहतुकीची सुरुवात अशी टपालाच्या आधारावर आणि उसन्या माळरानावर झाली. फरक इतकाच की टाटा मोठी शहरं जोडत होते, आणि फ्रेसन ज्या गावांकडे निघाले होते त्यांची नावं ब्रिटनमध्येही फार थोड्यांना ठाऊक होती.

त्या मार्गावर तेव्हा रेडिओवरून दिशा सांगणारं कुणी नव्हतं. धुकं आलं की फ्रेसन विमान खाली आणत आणि कड्यांची, लाटांची, दीपगृहांची खूण धरून पुढे जात. आजच्या नियमांत हे बसणार नाही. पण त्यांना तो किनारा एखाद्या कोळ्यासारखा पाठ झाला होता, आणि विमान वेळेवर येतं अशी त्यांची ख्याती झाली. टपाल खात्याचं मन वळलं ते याच नियमितपणामुळे. २९ मे १९३४ पासून इन्व्हर्नेस–कर्कवॉल मार्गावर पत्रं विमानाने जाऊ लागली, तीही नेहमीच्याच तिकिटावर, एक पेनीही जादा न घेता. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच होत होतं. विमानाने पत्र पाठवायचं तर जादा पैसे मोजायचे, हा तोवरचा जगभरचा रिवाज. ऑर्कनीच्या शेतकऱ्याला मात्र आता विमानाचं पत्र आणि बोटीचं पत्र एकाच भावाने मिळू लागलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना वाटते. दूरच्या माणसाने दूर राहण्याचा दंड भरायचा नाही, ही कल्पना ड्यूअर समितीने औषधोपचारात आणली होती. ती आता दळणवळणात आली.

पुढची पायरी अधिक अवघड होती. ऑर्कनी म्हणजे एक बेट नव्हे, तो द्वीपसमूह आहे. कर्कवॉलला पोहोचलेलं पत्र सँडे, स्ट्रॉन्से, वेस्ट्रे, नॉर्थ रोनल्डसे अशा छोट्या बेटांवर न्यायला पुन्हा बोटच लागायची, आणि नॉर्थ रोनल्डसेसारख्या टोकाच्या बेटावर ती हिवाळ्यात दिवसेंदिवस फिरकत नसे. फ्रेसन बेटाबेटांवर जाऊन शेतं पाहू लागले. कुणाचं कुरण पुरेसं लांब आहे, कुठे दगड वेचावे लागतील, कुठलं कुंपण हलवावं लागेल, वारा कुठून येतो, मेंढ्या कोण हाकलणार, याची बोलणी शेतकऱ्यांशी समोरासमोर होत. १९३४ पासून या बेटांना विमान मिळालं. इथे कंत्राटदार नव्हता, आराखडा नव्हता. लोकांनी आपल्या जमिनी दिल्या, राबून त्या सारख्या केल्या आणि विमान आलं.

स्पर्धाही लवकरच आली. अबर्डीनला एरिक गँडर डाउअर नावाच्या उद्योजकाने डाइस इथे विमानतळ बांधला आणि तिथून ऑर्कनीकडे विमानं सुरू केली. दोघांचं अजिबात जमलं नाही. एकाने एखाद्या गावाजवळ शेत मिळवलं की दुसरा शेजारचं शेत शोधायचा. शेटलंड बेटांसाठी तर चुरस इतकी टोकाला गेली की १९३६ च्या जूनमध्ये दोघांच्या सेवा जवळपास एकाच वेळी सुरू झाल्या. या भांडणात पैसा वाया गेला असेल, पण प्रवाशांचं नुकसान झालं नाही. डाउअर पुढे राजकारणात उतरले आणि १९४५ च्या निवडणुकीत केथनेस अँड सदरलंड या उत्तर टोकाच्या मतदारसंघातून अवघ्या सहा मतांनी निवडून आले. त्या तिरंगी लढतीत तिसऱ्या क्रमांकावर गेलेले उमेदवार होते सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर, म्हणजे युद्धकाळातले ब्रिटनचे हवाईमंत्री.

पश्चिमेची बेटं ग्लासगोकडे पाहणारी. तिथे ही सुरुवात बस कंपनी चालवणाऱ्या जॉन सोर्ड यांनी केली. त्यांच्या ‘मिडलंड अँड स्कॉटिश एअर फेरीज’ची विमानं १९३३ मध्ये ग्लासगोजवळच्या रेनफ्रूहून कँपबेलटाउनला आणि इस्ले बेटावर जाऊ लागली. १४ मे १९३३ ला, फ्रेसन यांच्या पहिल्या उड्डाणानंतर सहाच दिवसांनी, इस्लेवरच्या एका कोळ्याच्या जठराला भोक पडलं. बोटीने नेलं तर तो वाटेतच जाणार हे डॉक्टरांना दिसत होतं. निरोप गेला आणि जिमी ऑरेल हा सोर्ड यांच्या कंपनीतला वैमानिक विमान घेऊन आला. रोग्याला आत निजवून त्याने रेनफ्रूला आणलं, तिथून इस्पितळात, आणि तो माणूस वाचला. ब्रिटनमधली हवाई रुग्णवाहिका इथून सुरू झाली असं मानलं जातं. कुठलीही योजना आखून ती सुरू झाली नव्हती. एका डॉक्टरने विचारलं आणि एका वैमानिकाने हो म्हटलं.

पुढच्या वर्षभरात अशा हाका वाढल्या. सोर्ड यांची कंपनी १९३४ च्या सप्टेंबरमध्ये बंद पडली, पण त्या वाटेवर लगेच ‘नॉर्दर्न अँड स्कॉटिश एअरवेज’ आली आणि तिच्याबरोबर डेव्हिड बार्कली हे वैमानिक. बार्कली यांनी आपल्या कारकिर्दीत रोग्यांसाठी हजाराहून अधिक उड्डाणं केली. हेब्रिडीझमधल्या कित्येक घरांत त्यांचं नाव घरातल्या माणसासारखं घेतलं जाई. रात्री-अपरात्री निरोप आला की आधी हवामान पाहायचं, मग बेटावर फोन करून कुणाला तरी कुरणावर मोटारींचे किंवा कंदिलांचे दिवे लावायला सांगायचं. विमानात रोग्याजवळ बसायला ग्लासगोच्या सदर्न जनरल इस्पितळातल्या परिचारिका येत. ही त्यांची नेमून दिलेली ड्यूटी नव्हती. त्या स्वेच्छेने नाव नोंदवत, आणि ही प्रथा अनेक दशकं चालली.

याच काळातला बॅरा बेटाचा विमानतळ आजही जगभर कुतूहलाचा विषय आहे. बॅरा हे हेब्रिडीझच्या दक्षिण टोकाचं डोंगराळ, खडकाळ बेट. त्यावर सपाट अशी एकच मोठी जागा होती, ती म्हणजे त्राय व्होर नावाची पुळण. शिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेली ही वाळू ओहोटीच्या वेळी टणक आणि सपाट होते. भरतीला मात्र सगळीकडे पाणी. १९३३ मध्ये तिथे पहिलं विमान उतरलं आणि १९३६ पासून नियमित सेवा सुरू झाली. आजही तिथे वाळूवरच्या तीन धावपट्ट्या आहेत. त्या त्रिकोणासारख्या आखलेल्या असून टोकांना लाकडी खांब रोवलेले आहेत. वारा ज्या दिशेचा असेल ती धावपट्टी घ्यायची. भरती आली की तिन्ही बुडतात, म्हणून विमानाचं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून बनतं आणि ते सतत बदलत राहतं. नियमित प्रवासी सेवा जिथे पुळणीवर उतरते, असा दुसरा विमानतळ जगात शोधून सापडणं कठीण. आपल्याकडे कोकणात ओहोटी पाहून होडी सोडणारी माणसं आहेत. त्यांना यात नवल वाटणार नाही. निसर्गाशी हुज्जत घालण्यापेक्षा त्याची वेळ पाहून काम उरकणं हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना शहाणपणा आहे, आणि बॅरावर तो विमानालाही लागू झाला.

मग दुसरं महायुद्ध आलं. ऑर्कनीच्या कुशीतल्या स्कापा फ्लो या आखातात ब्रिटिश नौदलाचा मोठा तळ होता. नौदलाला कर्कवॉलजवळ विमानतळ हवा होता. फ्रेसन यांनी हॅटस्टनची जागा सुचवली आणि एक आग्रह धरला. ऑर्कनीच्या पावसात गवताची पट्टी टिकत नाही, वर्षभर विमान चालवायचं तर डांबरी धावपट्टी करा, हे त्यांचं अनुभवाचं मत होतं. हॅटस्टनची ही डांबरी धावपट्टी ब्रिटनमधल्या पहिल्या धावपट्ट्यांपैकी गणली जाते. तिथूनच एप्रिल १९४० मध्ये उडालेल्या विमानांनी नॉर्वेच्या बर्गन बंदरातली ‘क्योनिग्सबर्ग’ ही जर्मन क्रूझर बुडवली. बेटांवर शेतकऱ्यांसाठी विमान उतरवताना शिकलेली गोष्ट अशी युद्धाच्या कामी आली. युद्धकाळातल्या नागरी सेवेबद्दल फ्रेसन यांना १९४३ मध्ये ओ. बी. ई. हा किताब मिळाला. त्याच धामधुमीत छोट्या बेटांची विमानं मात्र थांबली.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं आणि हवाई वाहतूक राष्ट्राच्या मालकीची झाली. १९४७ मध्ये फ्रेसन यांची कंपनी, तिच्याबरोबरच्या इतर कंपन्या आणि डाउअर यांची कंपनीही ‘ब्रिटिश युरोपियन एअरवेज’मध्ये, म्हणजे बी. ई. ए. मध्ये विलीन झाली. आपल्याकडे १९५३ मध्ये असंच झालं. पण टाटांना निदान एअर इंडियाचं अध्यक्षपद मिळालं आणि त्यांचा अनुभव पुढची पंचवीस वर्षं कामी आला. फ्रेसन यांच्या वाट्याला १९४८ मध्ये बडतर्फी आली. ज्या माणसाने या बेटांवरचं प्रत्येक कुरण पायांनी मोजलं होतं, त्याची नव्या व्यवस्थेला गरज वाटली नाही. हा निर्णय कुठल्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही. १९६३ मध्ये ते वारले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं.

बी. ई. ए. ने सगळंच मोडलं असं नाही. कर्कवॉल, शेटलंड, स्टॉर्नोवे, इस्ले, बॅरा या सेवा तिने तोटा सोसून चालू ठेवल्या. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर हवाई रुग्णवाहिका त्या सेवेचा भाग बनली आणि रोग्याच्या घरच्यांवरचा खर्चाचा भार गेला. ती विमानं चालवायची जबाबदारी बी. ई. ए. कडे होती. त्या कामाची किंमतही मोजावी लागली. २८ सप्टेंबर १९५७ च्या रात्री वादळी पावसात एक हेरॉन विमान रोग्याला आणायला इस्लेकडे गेलं. उतरता उतरता ते कोसळलं. कॅप्टन पॉल कॅल्डरवुड, रेडिओ अधिकारी ह्यू मॅकगिन्ली आणि परिचारिका जीन केनेडी, तिघेही गेले. केनेडी स्वेच्छेने त्या उड्डाणावर गेल्या होत्या. पुढे बी. ई. ए. ने आपल्या एका हेरॉन विमानाला त्यांचं नाव दिलं.

पण ऑर्कनीची छोटी बेटं बी. ई. ए. च्या हिशेबात बसली नाहीत. तिथे माणसं शे-दोनशे, विमान भरणार कसं? युद्धामुळे थांबलेली ती सेवा शांततेच्या काळातही सुरू झाली नाही. १९३४ मध्ये ज्या बेटांवर विमान उतरलं होतं, तिथले लोक १९५० आणि १९६० च्या दशकांत पुन्हा बोटीची वाट पाहत बसले होते. एकदा झालेली सोय आपोआप टिकते असं आपण धरून चालतो. इथे ती जवळपास एक पिढीभर नाहीशी झाली.

ती परत आली ती एका पूल बांधणाऱ्यामुळे. विली लोगन हे बांधकाम व्यावसायिक. त्यांच्या कामांच्या जागा स्कॉटलंडभर पसरलेल्या, आणि टे नदीवरच्या मोठ्या रस्तापुलाचं काम हाती घ्यायचं होतं. स्वतःच्या येण्याजाण्यासाठी त्यांनी १९६२ मध्ये एका विमानानिशी छोटी कंपनी काढली. तिचं नाव लोगनएअर. जानेवारी १९६६ मध्ये इन्व्हर्नेसजवळ झालेल्या विमान अपघातात लोगन स्वतः गेले. ते विमान त्यांच्या कंपनीचं नव्हतं, दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा पूल खुला झाला. कंपनी मात्र टिकली. १९६७ मध्ये तिने ऑर्कनीच्या बेटांची सेवा पुन्हा सुरू केली. त्या वेळी ब्रिटन-नॉर्मन कंपनीचं ‘आयलंडर’ हे नवं विमान बाजारात आलं होतं. दोन साधी इंजिनं, आठ-नऊ प्रवासी, छोट्या गवताळ पट्टीवर उतरायची आणि तिथूनच चटकन उठायची ताकद, दिवसात कितीही वेळा चढ-उतार केली तरी कुरकुर नाही. नावाप्रमाणेच ते बेटांसाठी बनलं होतं. अशा दूरच्या सेवांचं भवितव्य पुष्कळदा धोरणापेक्षाही योग्य आकाराचं विमान मिळतं की नाही यावर ठरतं, हे ऑर्कनीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं इतरत्र क्वचितच दिसेल.

वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं उड्डाण. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असला तर एका मिनिटाच्या आत. जगातलं सर्वांत छोटं नियमित विमान उड्डाण म्हणून पर्यटक मुद्दाम तिकीट काढतात. पण ते त्यांच्यासाठी नाही. फिरते शिक्षक, डॉक्टर, कर्कवॉलला शिकायला जाणारी मुलं, सरकारी कामाची माणसं रोज त्यात बसतात. बँकेची एक कर्मचारी बेटाबेटांवर जाऊन लोकांचे व्यवहार करायची. २०१३ मध्ये तिच्या दहा हजाराव्या उड्डाणाची बातमी झाली होती. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभरच्याही खाली आहे. तिथे फिरते शिक्षक आणि डॉक्टर आकाशातूनच येतात.

या सगळ्याचा पैसा कोण देतं, हा प्रश्न फ्रेसन यांच्या काळापासून होता. १९८६ मध्ये या भागातल्या विमानतळांसाठी ‘हायलंड्स अँड आयलंड्स एअरपोर्ट्स’ ही वेगळी सरकारी कंपनी झाली आणि पुढे ती स्कॉटलंडच्या मंत्र्यांच्या मालकीची झाली. या विमानतळांनी नफा कमवावा अशी अट तिच्यावर नाही. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने हवाई वाहतूक खुल्या स्पर्धेला सोपवली. तेव्हाच एक अपवाद लिहून ठेवला गेला. ज्या मार्गाविना एखादा दूरचा प्रदेश जगू शकणार नाही आणि जो कुणी स्वतःहून चालवणार नाही, तिथे सरकारने किमान फेऱ्या, किमान आसनं आणि कमाल भाडं ठरवावं, निविदा काढावी आणि तोटा भरून द्यावा. ग्लासगोहून बॅरा, टायरी आणि कँपबेलटाउनची विमानं याच व्यवस्थेत चालतात. शिवाय २००६ पासून टोकाच्या भागांतल्या रहिवाशांना भाड्यात सवलत आहे. आधी ती ४० टक्के होती, पुढे ५० टक्के झाली.

भारतात २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली तेव्हा तिचा सांगाडा बराचसा याच धर्तीचा होता. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांवर साधारण २,५०० रुपयांची भाडेमर्यादा, आणि कंपनीला तोटा भरून द्यायला मोठ्या मार्गांवरून गोळा केलेला निधी. २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला पहिलं विमान उडालं; त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवाही सुरू झाली. नांदेडला गुरुद्वारा आहे, मराठवाड्याच्या त्या भागातून मुंबई-पुणे लांब, त्यामुळे आनंद खरा होता. सेवा चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली आणि नांदेडकर पुन्हा आगगाडीच्या रांगेत आले. दुसरी कंपनी यायला वेळ गेला. ही एकट्या नांदेडची गोष्ट नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अनुदानाच्या मुदतीची तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांतले ५४ चालू होते.

अशी मुदत स्कॉटलंडमध्येही आहे. तिथलं कंत्राटही तीन-चार वर्षांचंच असतं. फरक पुढच्या पायरीवर आहे. उडानमध्ये तीन वर्षांनी अनुदान संपतं आणि मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा असते. बॅराच्या बाबतीत तशी अपेक्षा कुणी ठेवलेलीच नाही. हजार-बाराशे वस्तीचं बेट कधीही विमान भरून देणार नाही, हे सरकारला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून जुनं कंत्राट संपायच्या आत नवी निविदा निघते. कंपनी बदलली तरी फेऱ्यांची संख्या, भाड्याची मर्यादा आणि तोट्याची तरतूद सरकारी कागदावर कायम राहते, जशी रस्त्याच्या डागडुजीची किंवा शाळेच्या पगाराची राहते. लक्षद्वीप, अरुणाचलातली दरीखोऱ्यांतली गावं, लडाख या भागांसाठी आपल्याला अशीच न संपणारी तरतूद लागेल. जळगाव किंवा कोल्हापूर कदाचित काही वर्षांनी स्वतःचं विमान स्वतः पोसतील; त्यांच्यासाठी तीन वर्षांचा हात पुरेल. दोन्हींना एकच नियम लावणं ही योजनेतली खरी चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला नवा विमानतळ बांधावा लागत नाही. कुठला मार्ग कमाईचा आणि कुठला सेवेचा, याच्या दोन वेगळ्या याद्या निविदा निघण्याआधी करून ठेवाव्या लागतात, आणि दुसऱ्या यादीतल्या मार्गांचा पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पात धरावा लागतो.